म्हणे रनिंग बॅक!

2019 चा सप्टेंबर, 8 तारीख, रविवार. पुण्यात गणपती चालू, त्यात सात दिवसांच्या बाप्पांचं विसर्जन, त्यामुळे कॅब कुठूनही वळवली तरी पुढे ढोलपथक हजर. आमची शिफ्ट रात्रीची, कारण आमचं कामच अमेरिकन फुटबॉलच्या मॅचेस टॅग करायचं. तिकडे रविवारी दुपारी एकची मॅच म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहा. प्रत्येक प्ले बघायचा, थांबवायचा, मागे घ्यायचा आणि टॅग टाकायचे: बॉल कुठल्या हॅशवर (मैदानावरच्या खुणांच्या दोन रांगा), बॉक्समधे (बॉलजवळच्या पट्ट्यात) डिफेन्सची माणसं किती, क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) पळाला तर ते आधीच ठरलेलं होतं की पास जमेना म्हणून सुटला. पहिलं डिझाइन्ड रन, दुसरं स्क्रॅम्बल. नवीन पोरं इथेच जास्त घोळ घालतात.

त्या रात्री माझ्याकडे बाल्टिमोर रेव्हन्स विरुद्ध मायामी डॉल्फिन्स आली. शेजारचा म्हणाला, "आज तुझी वाट लागणार भावा, लमार आहे." बरोबरच होतं ते. रेव्हन्सचा क्वार्टरबॅक लमार जॅक्सन 2018 ला रुकी (पहिल्या वर्षाचा) म्हणून एनएफएल या व्यावसायिक लीगमधे आला, शेवटच्या सातच मॅचेसना स्टार्टर होता तरी सीझनमधे 147 वेळा बॉल घेऊन पळाला, तोवर एका सीझनमधे एवढे रन कुठल्याच क्वार्टरबॅकचे नव्हते. 2016 चा हाइझमन (कॉलेजचा सर्वोत्तम खेळाडू) विजेता हा, तरी ड्राफ्टमधे (टीम्स कॉलेजची पोरं निवडतात तेव्हा) 32 वा, पहिल्या राउंडचा अगदी शेवटचा. त्याच्या आधी चार क्वार्टरबॅक उचलले गेले होते. बिल पोलियनसारखा जुना जाणता मॅनेजर टीव्हीवर म्हणाला होता की याने रिसीव्हर (पास झेलणारा) व्हावं. म्हणूनच तर तो कंबाइनला (ड्राफ्टआधीच्या चाचण्यांना) 40 यार्ड धावलाच नाही, वेग दिसला असता फाडू आणि मग सगळ्यांनी त्याला रिसीव्हरच करून टाकला असता.

आमच्या लीड मॅडमचं मत पक्कं होतं, कॉलेजात पळून हिरो झालेला पोरगा एनएफएलमधे येऊन झोपतो. यादी त्यांच्या तोंडपाठ. एरिक क्राउच, 2001 चा हाइझमन, ड्राफ्ट झाला तोच रिसीव्हर म्हणून. टिम टीबो. जॉनी मँझिएल. आणि रॉबर्ट ग्रिफिन, ज्याचा 2012 चा रुकी सीझन बघून लोक वेडे झाले होते आणि जानेवारीत सिएटलविरुद्ध गुडघा गेला तो गेलाच, पहिल्यासारखा परत कधी झाला नाही. गंमत म्हणजे तोच ग्रिफिन त्या रात्री लमारचा बॅकअप म्हणून साइडलाइनला उभा होता.

मॅडमचं म्हणणं हवेतलं नव्हतं. कॉलेजच्याही मॅचेस टॅगिंगला येतात त्यामुळे फरक डोळ्याला दिसतो. कॉलेजात दोन हॅशमधलं अंतर 40 फूट, एनएफएलमधे साडेअठरा. म्हणजे कॉलेजात बॉल एका हॅशवर असला की दुसऱ्या अंगाला ही एवढी मोकळी जागा पडलेली, पळ लेका. वर कॉलेजात पास सुटायच्या आधी लाइनमन (पुढच्या फळीतले ब्लॉकर) 3 यार्ड पुढे जाऊ शकतात, इथे फक्त एक, त्यामुळे रन की पास हे शेवटपर्यंत लपवणं तिकडे सोपं. इथे जागा कमी आणि लाइनबॅकरसुद्धा (डिफेन्सच्या पुढच्या फळीमागचे खेळाडू) हरणासारखे पळतात.

तर मॅच सुरू झाली. पहिलाच प्ले, मार्क इन्ग्रम 49 यार्ड पळाला. मग मार्क्विस ब्राउन नावाचा रुकी, त्याची पहिलीच मॅच, पहिला कॅच 47 यार्डचा टचडाउन (बॉल शेवटच्या रेषेपार, 6 पॉइंट), दुसरा 83 यार्डचा टचडाउन. हाफटाइमला 42-10. आणि मी बघतोय तर लमारच्या रनचा रकाना जवळपास रिकामा. फुलटाइमला आकडे: 20 पैकी 17 पास पूर्ण, 324 यार्ड, 5 टचडाउन. रन? तीन. मिळून सहा यार्ड. बाकीचं ग्रिफिनने येऊन आवरलं, 59-10.

आपल्या हातात रिवाइंडचं बटण असतं त्यामुळे बाकी लोक बॉल बघतात तेव्हा आपण पाय बघू शकतो. लमार बॉल रनिंग बॅकच्या (बॉल घेऊन पळणाऱ्या खेळाडूच्या) पोटाशी धरतो, द्यायचा की नाही हे ठरवल्यासारखा, आणि त्या अर्ध्या सेकंदात मधला लाइनबॅकर एक पाऊल पुढे टाकतो. एकच. त्याच्या पाठीमागे भोक पडतं आणि बॉल तिथे जातो. फ्रेम बाय फ्रेम घ्या, परत परत तेच. तो पळेल या भीतीनेच काम होत होतं. बॅट्समन पुढे येऊन मारतो म्हणून फील्डर आत आणावेत आणि त्याने क्रीजमधूनच डोक्यावरून उचलावा, तसलं.

मधेच क्यूसीवाल्याचा (आमचं काम तपासणाऱ्याचा) मेसेज, "रेटिंग चेक कर, 158.3 दाखवतंय." चेक कसलं, पासिंगच्या रेटिंगच्या त्या फॉर्म्युल्यात त्याच्यावर आकडाच जात नाही. मॅचनंतर लमार पत्रकारांना म्हणाला, रनिंग बॅकच्या मानाने वाईट नाही. त्याला नुसता पळणारा समजणाऱ्यांना टोला. आमच्या फ्लोअरवर शिट्ट्या.

मॅडम हलल्या नाहीत. म्हणाल्या, "अरे मायामी आहे ती, सीझनच्या तोंडावर स्वतःचा भारीतला लेफ्ट टॅकल (क्वार्टरबॅकला वाचवणारा लाइनमन) विकून बसलेत." पुढच्याच आठवड्यात मायामी 43-0 हरली, त्यामुळे तो पॉइंट त्यांना द्यावाच लागला.

पण लमार थांबला नाही. त्या सीझनला 36 टचडाउन पास, वर 1206 यार्ड पळून मायकल विकचा 2006 चा 1039 चा रेकॉर्ड मोडला, एमव्हीपीला (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) 50 पैकी 50 मतं. माझ्या मते यात ग्रेग रोमनचा मोठा हात, त्या वर्षी तो रेव्हन्सचा ऑफेन्स कोऑर्डिनेटर (हल्ल्याचे डाव आखणारा कोच) झाला आणि अख्खी सिस्टीम या पोराभोवती बांधली. टीबोसाठी असं सीझनच्या आधीपासून बसून कोणी केलं होतं?

मग जानेवारी 2020, टेनेसी टायटन्सविरुद्धची प्लेऑफ. आपल्याकडे रविवारी सकाळचे पावणेसात. रेव्हन्स मागे पडले, 59 पास फेकायला लागले, त्यातले 31 पूर्ण, दोन इंटरसेप्शन (समोरच्यांनी झेललेले पास), चौथ्या डाउनला (शेवटच्या प्रयत्नाला) एक यार्ड हवा होता तिथे दोनदा अडवले. लमार 143 यार्ड पळाला तरी 28-12 ने हरले. मागे पडलेल्या टीमच्या रनच्या हुलकावणीला कोण फसतंय, लाइनबॅकर जागचा हललाच नाही तर भोक पडणार कुठून? त्यामुळे पळणारा क्वार्टरबॅक चालतो का असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, दहा पॉइंटने मागे असताना, थर्ड अँड लाँगला (तिसरा प्रयत्न, अजून बरेच यार्ड बाकी), पॉकेटमधे (लाइनमनच्या आडोशाला) उभा राहून मधोमध फेकतो का? नवीन पोरगा आला की मी आधी तेवढेच प्ले काढून बघतो, हायलाइट्स नंतर.

मॅडम आता दुसऱ्या टीमला आहेत पण कँटीनला भेट झाली की विषय निघतोच. लमारला 2023 ला परत एमव्हीपी मिळाला तेव्हा त्या म्हणाल्या, "सुपर बोल दाखव." 2025 च्या फेब्रुवारीत क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स सुपर बोलचा (एनएफएलच्या फायनलचा) एमव्हीपी झाला, तोही पळणाराच, कॉलेजात तर फायनलच्या हाफटाइमला बसवला होता त्याला. मी लगेच मेसेज टाकला. रिप्लाय आला, "त्याची ऑफेन्सिव्ह लाइन बघितलीस का?" बघितली होती. खरंच भारी होती.