तुम्ही विचारलंत म्हणून: स्टेजवरच्या फोटोत मी हसत का नाहीये

आत्यापासून हॉस्टेलच्या पोरींपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय, कॉम्प्युटरला पहिली आलीस, बेस्ट प्रोजेक्टपण तुझाच, मग फोटोत तोंड का पाडलंयस? दरवेळी मी 'हॉलमध्ये उकडत होतं' म्हणून सुटते. आता एकदाच लिहून टाकते.

पहिल्या नंबरचं मेडल माझंच आहे. आठ सेमिस्टर घासलीत, त्यावर कुणी बोलायचं नाही. मला टोचतंय ते दुसरं.

प्रोजेक्ट काय होता माहितीये, कोयना धरणाचा विसर्ग आणि पाऊस बघून सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर जाईल ते आधी सांगायचं. धोका पातळी 45 फूट, आणि 2019 ला पाणी 57 च्या वर गेलेलं. आमच्या जिन्याच्या भिंतीवर पप्पांनी त्या पाण्याची रेघ मारून ठेवलीय. मला तो प्रोजेक्ट मार्कांसाठी करायचाच नव्हता हो.

व्हायव्हात आमचं मॉडेल दोन-तीन इंचांच्या फरकाने बरोबर येत होतं. सगळे खूश. मग बक्षीस समारंभाच्या चार दिवस आधी, रात्री कोड नीट लावून ठेवावा म्हणून बसले आणि एका ओळीवर थांबले. डेटाचे ट्रेन (मॉडेलला शिकवायला) आणि टेस्ट (ते तपासायला) असे भाग पाडताना शफल, म्हणजे आकड्यांची सरमिसळ, चालूच राहिलेलं. म्हणजे दुपारी 2 चे आणि 4 चे आकडे मॉडेलने आधीच बघितलेले आणि मी त्याला 3 चं विचारत होते, ते बरोबर सांगणारच की! मग तारखेच्या क्रमाने भाग पाडले, 2018 पर्यंत शिकवलं, 2019 चा पूर विचारला. नदी 57 वर, मॉडेल म्हणतंय 46. 46 ला पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असतं. 57 ला ते जिन्यावर होतं. मी परत रन केलं, परत 46.

सकाळी गाईड सरांना दाखवलं. ते म्हणाले, मार्क्स गेलेत, बी.टेक.ला एवढं चालतं, आता काही काढू नकोस. पार्टनर म्हणाला, बक्षीस दोघांचं आहे, तू एकटी कोण ठरवणार? तेही खरंच होतं.

आणि मी गेले स्टेजवर. निवेदिकेने 'पुराचा अचूक अंदाज' असं वाचलं, समोर तिसऱ्या रांगेत पप्पा मोबाईल उंच धरून उभे, तेवढ्यात फोटो निघाला.

चूक मुद्दाम केली नव्हती हे मलाही कळतं. व्हायव्हात मला माहीत नव्हतं, पण स्टेजवर माहीत होतं. सेकंड इयरला असाइनमेंट छापली म्हणून मी मैत्रिणीशी सहा महिने बोलले नव्हते, ती मी त्या दिवशी कुठे होते? कधी वाटतं सरांचंच बरोबर, शिकताना चुका होतात. कधी वाटतं अजून जाऊन बक्षीस परत करावं, पण मग पार्टनरचं काय?

दोन्ही मेडल पप्पांनी देवघराशेजारी लावलीत. पाऊस लागला की हाक मारतात, "कोयनेतनं सोडलंय म्हणे, तुझं ते चालू कर की, बघू यंदा कुठवर येतंय." मी म्हणते, पप्पा, लॅपटॉप बिघडलाय.