चौदाव्या ओळीवरचा आळ

‘सर एरर येतोय.’ मेसेज एवढाच. खाली मॉनिटरचा फोटो, त्यात ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा, काढणाऱ्याचा अर्धा अंगठा, आणि नेमकी शेवटची ओळ कापलेली. पायथन, म्हणजे आम्ही शिकवतो ती प्रोग्रॅमिंगची भाषा, चूक काय झाली ते शेवटच्या ओळीतच सांगतो. पोरं तेवढीच सोडून बाकी सगळं पाठवतात.

सोलापुरात साखर पेठेतल्या आमच्या क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असे फोटो रोज पडतात. त्या शनिवारी मात्र उत्तरांची गड्डा जत्राच भरली. एक म्हणाला, प्रिंटचा (पडद्यावर उत्तर दाखवायच्या आज्ञेचा) पी कॅपिटल कर. दुसरा म्हणाला, पायथन काढून परत टाक. तिसऱ्यानं स्वतःचा अख्खा प्रोग्रॅमच चिकटवला. मीही जेवता जेवता ‘१४वी ओळ नीट टाइप कर’ लिहून मोकळा झालो. बिचाऱ्यानं ती ओळ नऊ वेळा टाइप केली.

रविवारी सकाळी तो वडिलांना घेऊनच आला. वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या यंत्रमागावर. रात्रपाळी करून थेट इकडे. पोरानं त्यांच्याच मजुरीच्या हिशोबाचा प्रोग्रॅम लिहायला घेतला होता. मी पडद्यासमोर बसलो. बाणाचं टोक १४व्या ओळीतल्या प्रिंटखाली, आणि प्रिंटमध्ये काडीचीही चूक नाही.

वडील मागं उभे होते. म्हणाले, “सर, आमच्यात ताणा, म्हणजे उभा धागा, मागं तुटतो अन् खोट पुढं कापडात दिसते. एक ओळ मागं बघा की.”

१३व्या ओळीत कंस उघडला होता, मिटवलाच नव्हता. (तिथं कंसाची गरजही नव्हती, पण ते असो.) कंस उघडा राहिला की पायथन पुढची ओळही त्याच वाक्यात धरतो आणि प्रिंट दिसल्यावर अडखळतो. २०२१ साली आलेल्या ३.१० आवृत्तीपासून तो ‘हा कंस मिटवलाच नाही’ असं सरळ सांगतो. आमच्या मशिनी विंडोज ७ वर, तिथं ३.८ च्या पुढं काही चढत नाही. म्हणजे दोष पोराचा कमी, माझ्या काटकसरीचा जास्त.

कंस मिटवला. एरर गेला. चाचणीसाठी पोरानं दर ६ रुपये धरला होता. वडिलांनी एका बोटानं नग टाकले, २०.

मजुरी आली २०२०२०२०२०२०.

पोराचा चेहरा पडला. खरं तर इनपुट या आज्ञेनं कीबोर्डवरून घेतलेलं २० हे पायथनच्या लेखी अक्षरं असतात. त्याला सहानं गुणलं की तो ‘२०’ सहा वेळा ओळीनं मांडतो. आकड्यात बदलायला इंट ही आज्ञा लावावी लागते. मी हे समजावत होतो, पण वडील पडद्यावर बोट ठेवून एकक, दहम करत होते.

“वीस हजार दोनशे दोन कोटी,” ते म्हणाले. “हे असंच राहू दे बे. उद्या मालकाला दाखवून येतो.”