तुम्ही विचारलंत म्हणून: सॅक्सोफोनच का?

लग्नात, ऑफिसात, कुणाच्याही घरी हाच प्रश्न. मुलीच्या जातीला सॅक्सोफोन कशाला? पेटी नव्हती का, बासरी नव्हती? आपलं वाद्य नाही ते, असंही ऐकवतात. मनोहारी सिंगांचा सॅक्स हिंदी गाण्यांत आयुष्यभर ऐकलात, कद्री गोपालनाथांनी त्याच्यावर अख्खं कर्नाटक संगीत वाजवलं. अजून किती आपलं व्हायला हवं?

सातवीत बँडच्या सरांनी माझी लहान बोटं बघून क्लॅरिनेट पुढे केलं. मी आल्टो सॅक्सोफोनवर हात ठेवला. पुढे सगळ्यांना सांगत आले, सोपा म्हणून घेतला: ऑक्टेव्हची कळ दाबली की वरच्या सप्तकातही बोटं जवळजवळ तीच राहतात, क्लॅरिनेटवर बदलतात. हे खरं आहे, पण तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. लालबागला विसर्जनात बाबांच्या खांद्यावर बसून बँडवाल्याचा सॅक्स ऐकला होता. गाणारा माणूस मध्येच दम घेतो तसा तो घेत होता. तेवढंच.

अंग पितळेचं, पण सूर निघतो तो बोरूसारख्या गवताच्या पातळ पट्टीतून, म्हणजे रीडमधून. आठवीत २६ जानेवारीच्या संचलनाआधी माझ्याकडे एकच रीड उरली होती, दोन नंबरच्या कडकपणाची. आदल्या दुपारी धुऊन ती चाळीच्या कठड्यावर उन्हात ठेवली. सकाळी मैदानावर बघते तर टोक लाटेसारखं वाकलेलं. जिभेवर भिजवली, अंगठ्याने दाबली. पहिल्याच ओळीला ती किंचाळली. सर रांगेत शिरले, कानाशी म्हणाले, "फुंकू नकोस. फक्त बोटं हलव."

वीस मिनिटं मी बोटं हलवली. पट्टा मानेत रुतत होता, माउथपीस दातांत होता आणि श्वास नाकाने चालला होता. समोर आई टाळ्या वाजवत होती. घरी तिने विचारलं, "त्यात तुझा आवाज कुठला गं?" मी शेजारच्या मुलाची ओळ गुणगुणून दाखवली.

क्लॅरिनेट घेतलं असतंस तर, असं म्हणू नका. त्यालाही रीडच असते.

त्यानंतरही सॅक्स का सोडला नाही? विसर्जनातल्या त्या आवाजासाठी, असं मी म्हणायचे. आता वाटतं, ती वीस मिनिटं भरून काढायची होती. मग पुन्हा वाटतं, नुसत्या अपमानावर कुणी रोज तासभर फुंकत नाही. रीड्स आता चार आहेत. आलटूनपालटून वापरते, सपाट डबीत सावलीला ठेवते. आईला अजून सांगितलेलं नाही. ती ओळ तिला पाठ आहे.