वावरातले पाय

शेगावहून श्री गजानन महाराजांची पालखी दरवर्षी पायी पंढरपूरले जाते. आम्ही कास्तकार माणसं, ऐन पेरणीत घर सोडणं जमत नाही. म्हणून पालखी परत येते तेव्हा खामगाव ते शेगाव, शेवटचे साधारण १७ किलोमीटर, तेवढीच आमची वारी. यंदा मायला घेऊन गेलो.

पहाटे अंधारातच निघालो. रात्रभर झड लागलेली, रस्ता ओला. पुढे टाळ, मागून 'गण गण गणात बोते'. दोन्ही बाजूंनी लोक चहा, पोहे, केळी घेऊन उभे. मला धाप लागत होती, माय आपली पुढेच.

एका ठिकाणी पोरं वारकऱ्यांचे पाय धुऊन तेल लावत होती. एकानं मायला खुर्चीवर बसवलं. तिनं पाय मागे ओढले. "राहू दे बापा, वावरातले पाय हायेत हे."

"आमच्या मायचेही असेच हायेत, आजी. द्या."

काळी माती निघाली तशा टाचेच्या भेगा दिसल्या. जोडवं झिजून तारेसारखं झालेलं. घोट्यापाशी लांब वण. कशाचा, विचारलं.

"इळा लागला होता निंदताना. तू पाळण्यात होता."

मी ४२ वर्षांचा आहे. हे मला आज कळत होतं.

महाराज १८७८ साली शेगावात प्रथम दिसले ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. अन्न टाकू नये, एवढाच अर्थ मी धरला होता. त्या खुर्चीपाशी वाटलं, ज्याच्याकडे कोणी पाहत नाही तिकडे पाहा, असंही महाराज सांगत असतील. घर ते वावर दीड किलोमीटर. पालखीचा मुक्काम न् मुक्काम आम्हाला पाठ, पण माय किती चालली ते घरात कोणी मोजलं नाही. त्या वाटेवर तिला कोणी पाणी विचारलं नाही. मी तर बाजूनं मोटारसायकलवर निघून जायचो.

शेगावात दर्शन झालं, दुपारच्या एसटीनं घरी आलो.

दुसऱ्या दिवशी पऱ्हाटीचं निंदण होतं. मी गाडी काढली नाही. पाण्याची कॅन खांद्यावर घेऊन तिच्या मागं चाललो. नाल्यापाशी ती थांबली, काडीनं चपलेचा गारा खरवडला आणि काडी माझ्याकडे दिली.

"तुह्या चपलेचाही काढ," म्हणाली, आणि धुऱ्यावरून वावरात उतरली.