निसर्गनंतरची कोजागिरी

आमच्या वाचनालयाचं कोजागिरीचं कविसंमेलन म्हणजे खरं तर दुधाचं संमेलन. श्रीवर्धन तालुक्यातलं समुद्राकाठचं गाव, देवळामागचं खळं आणि गणपतीच्या मंडळाकडून मागून आणलेला माइक. आठची वेळ दिली की साडेनवाला सुरुवात. अध्यक्ष ठरलेले, निवृत्त गुरुजी. पोस्टातल्या भाऊंची गझल लांबली की मागून कुणीतरी "दूध आटलं!" अशी आरोळी ठोकायचं. कवितांमधला चंद्र कुठूनही उसना आणलेला असे, पण दुधातलं जायफळ अस्सल, गावातल्याच वाडीतलं, पोफळींच्या सावलीत वाढलेलं.

३ जून २०२० च्या दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. काही तासांत वाड्या आडव्या झाल्या. पोफळी मधूनच मोडल्या, माड मुळासकट उपटले, कौलं कुणाची कुणाच्या अंगणात. पोफळ लावली की फळ धरायला सात-आठ वर्षं जातात. सत्तरीच्या माणसाने आता रोप लावायचं ते कुणासाठी, हे घरोघर चाललं होतं.

त्या वर्षी कोजागिरी करायची की नाही यावर वाद झाला. करोना होताच. शेवटी मोजकी माणसं लांबलांब बसली, तोंडाला मास्क, दूध ज्याच्या त्याच्या घरच्या भांड्यात. जायफळ दुकानातलं. खळ्यावर एरवी झावळ्यांतून तुकड्या-तुकड्यांनी येणारं चांदणं त्या रात्री सरळ डोक्यावर आलं. मला तरी ते आवडलं नाही.

भाऊंनी वादळाला प्रेयसी केली होती. वृत्त चोख, टाळ्याही पडल्या, पण मोडक्या घराच्या माणसांसमोर ते ऐकवेना. मग आमच्या आळीतल्या काकू उठल्या. संमेलनात त्यांचं काम आजवर दूध ढवळायचं. पंचनाम्याच्या कागदामागे पेन्सिलीने लिहिलेलं त्यांनी भराभर वाचलं:

"हेक्टरी पन्नास हजार म्हणतात साहेब,
माझी वाडी दहा गुंठ्यांची.
सासूबाईंनी लावलेली पोफळ
कुठल्या रकान्यात लिहू?
तिसऱ्या दिवशी वटपौर्णिमा आली,
आडव्या वडालाच सूत गुंडाळलं.
शेंड्याला पहिल्यांदाच हात लागला."

वाचून झाल्यावर काकू आपल्या पातेल्याशी जाऊन उभ्या राहिल्या. गुरुजींना समारोपाचं भाषण आठवेना, हे मात्र पहिल्यांदाच घडलं. मग एकेक जण उठला. कुणी छपरावरचे पत्रे शोधायला गेल्याचं सांगितलं, तर कुणी वीज नव्हती त्या दिवसांत विहिरीवर भेटलेल्या शेजाऱ्यांचं. यमक एकालाही जुळलं नव्हतं.

पुढे मदत झाडामागे ठरली, माडाला २५० रुपये आणि पोफळीला ५०. काकूंनी पुढच्या कोजागिरीला त्या ओळीही जोडल्या. मधल्या काळात वाचनालयाच्या हस्तलिखितावरून भांडण पेटलं होतं. संपादकांनी त्यांचा कागद 'पत्रव्यवहार' या सदरात लावलेला. ही कविताच नाही, छंद कुठाय, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याशी कडाकडा भांडायला सगळ्यांत पुढे कोण होतं, तर पोस्टातले भाऊ! "माझी गझल काढा, पण हे पहिल्या पानावर घ्या," म्हणाले. संपादकांनी दुसरं पान दिलं. पहिल्यावर अध्यक्षांचा फोटो असतो.