अडलं तर विचारा हं

काल लंचला डबा उघडत होते तेवढ्यात ऑफिसातला आमचा ज्युनिअर बारक्या मागून आला आणि म्हणाला, "ताई, काही अडलं तर विचारा हं." बस. एवढं बोलून तो गेला पण, आणि मी कालपासून त्या 'हं'पाशीच बसलेय.

'विचारा' ठीक आहे. 'काही अडलं तर' पण ठीक आहे, अडतंच. पण 'हं' आपण कोणाला लावतो? सायकल शिकणाऱ्या पोराला, पडशील हं. बँकेत पेन्शनवाल्या आजोबांना, इथे सही करा हं. मला कोणी 'हं' लावून बोलल्याचं शेवटचं आठवतंय ते बाळंतपणात नर्सने.

आणि गंमत म्हणजे आम्ही ऑफिसात दिवसभर हिंदीच बोलतो, इंदुरात दोन मराठी माणसं भेटली तरी पहिली पाच मिनिटं हिंदीतच जातात, मग कोणीतरी आडनाव विचारतं आणि गाडी रुळावर येते. तो हिंदीत म्हणाला असता, दीदी कुछ अटके तो पूछ लेना, तर मी मान हलवून भेंडी खात बसले असते. पण हा खास मराठीत आला. आपलेपणाने आला. वाकडं बोलला असता तर दोन शब्द सुनावले तरी असते, आता काय सुनावू?

त्याची आरएचसीएसए, म्हणजे रेड हॅट कंपनीची लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्यांची परीक्षा, गेल्या महिन्यात झाली, पहिल्याच अटेम्प्टला. माझी येत्या शनिवारी. आमच्या सर्व्हरवरच्या जुन्या लिनक्सचा, सेंटओएस ७ चा, सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला तेव्हापासून आमच्याकडे सगळं हलवाहलवीच चालू आहे आणि आता क्लायंटला सर्टिफाइड माणसं दाखवायची आहेत, म्हणून हा घाट. मी अकरा वर्षं हेच काम करतेय. रात्री दोनला सर्व्हर बसला की फोन मला येतो, बारक्याला नाही. पण कागद बारक्याकडे आहे.

नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, मग विचार की, त्यात काय. त्याला नाही कळायचं, जाऊ दे.

खरं सांगायचं तर अडतं. रोजचं काम आणि ही परीक्षा यांची फारशी ओळख नाही. एसईलिनक्सचंच घ्या, लिनक्समधला तो सुरक्षेचा पहारा. इतकी वर्षं आम्ही काय केलं, काही चालेना झालं की आधी सेटएनफोर्स शून्य करून ते गप्प, मग बाकीचा विचार. तेवढ्याने चाललं की हात झटकून चहाला. परीक्षेत ते चालू ठेवूनच काम करायचं असतं, वेबसर्व्हर ८२ नंबरच्या पोर्टवर चढत नसेल तर सीमॅनेजने त्या पोर्टला परवानगी द्यायची, फाइलींचं लेबल चुकलं असेल तर रिस्टोरकॉन मारायचं. म्हणजे ज्याला अकरा वर्षं तोंड बंद ठेव म्हटलं त्याच्याशी आता नीट बोलायला शिकायचं. पर्याय निवडा वगैरे नाहीच. ३ तास, समोर मशीन, कामं करून दाखवा, ३०० पैकी २१० पाहिजेत. गूगल नाही. मॅन पेज आहेत, मशीनमधलीच मदतीची पानं, ती वाचायचा धीर आहे का ते मात्र आपलं आपण बघायचं.

आणि सगळं रीबूटनंतर टिकलं पाहिजे. ही खरी मेख. आत्ता चालतंय याला काही किंमत नाही, मशीन बंद होऊन पुन्हा उठल्यावर चालतंय का ते बघतात.

तर काल रात्री. बाबांच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसले, घड्याळ लावून, अगदी खरी परीक्षा असल्यासारखी. रूट पासवर्ड, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याचा, बदला, झालं. यूजर, ग्रुप, क्रॉन, झालं. मग नवीन लॉजिकल व्हॉल्यूम, म्हणजे डिस्कचा नवा कप्पा, करून एफएसटॅब नावाच्या फाइलीत नोंद करायची होती, म्हणजे मशीन उठताना तो आपोआप माउंट होईल, जोडला जाईल. त्याचा तो छत्तीस अक्षरी ओळख क्रमांक, यूयूआयडी, सरावाच्या व्हीएमच्या (लॅपटॉपमधल्या आभासी मशीनच्या) काळ्या स्क्रीनवर कॉपी-पेस्ट होत नाही म्हणून वहीत उतरवला आणि वहीतून टाइप केला. माउंट डॅश ए करून आधी तपासायचं असतं. हे मी बारक्याला शंभर वेळा सांगितलंय. काल मी नाही केलं. वेळ बरा उरला होता, खुशीत होते, सरळ रीबूट मारलं.

स्क्रीनवर तारे इकडून तिकडे पळायला लागले, स्टार्ट जॉब इज रनिंग, आणि बाजूला घड्याळ, १ मिनिट ३० सेकंद. ती दीड मिनिटं मला माहीत होतं काय होणार ते. मग इमर्जन्सी मोड. रूट पासवर्ड द्या. आणि रूट पासवर्ड तर मी तासाभरापूर्वी बदललेला, प्रश्न क्रमांक एक, आणि काय ठेवला होता ते काही केल्या आठवेना.

इथे मला रडूच आलं थोडं. सव्वाबारा वाजलेले, चिरंजीव झोपलेले, शनिवारचे पैसे भरलेले, वय एकेचाळीस, कोणी सांगितलंय हे सगळं. पासवर्ड विसरला की आरडी ब्रेक लावून मशीन उठता उठता मध्येच थांबवतात आणि नवा ठेवतात, पण पुढचं काही सुचेना. फोन उचलला आणि बारक्याला लिहिलं, "आरडी ब्रेकनंतरच्या स्टेप्स सांगशील का." पाठवलं आणि लगेच पस्तावले. डिलीट करायला गेले तर काय, तिथे 'मेसेज डिलीट केला' असं दिसतं, ते तर आणखी वाईट.

एक टिक. झोपला असणार, त्याच्या वयात झोप लागते.

मग काय, बसले. मशीन सुरू होताना येतो त्या ग्रबच्या मेनूत ई दाबलं, लिनक्सच्या ओळीच्या शेवटी आरडी डॉट ब्रेक, कंट्रोल एक्स. सिसरूट, म्हणजे मशीनची खरी सिस्टीम, रीड-ओन्ली असतं ते रीड-राइट करून माउंट, मग सीएचरूट करून आत, मग पासवर्ड. हात चालायला लागले की आठवतं, डोक्याला विचारत बसलं की नाही आठवत. तिथेच एफएसटॅब उघडून बघितलं तर एक ६ मी बी म्हणून टाकलेला. वहीतलं माझंच अक्षर. शेवटी एसईलिनक्ससाठी ऑटोरीलेबलची रिकामी फाइल टाकली आणि दोनदा एक्झिट. मशीन सगळ्या फाइलींना नव्याने लेबल लावत बसलं, मी अंधारात ते टक्के मोजत बसले.

तेव्हा आठवलं. २०१९ मध्ये बारक्या नवा आला होता, पहिल्याच दिवशी व्हीआय हा एडिटर उघडून बसला आणि बाहेर पडता येईना, लाजून कोणाला विचारेना, चक्क टर्मिनलच बंद करत होता प्रत्येक वेळी. मी मागून जाऊन कोलन क्यू उद्गारचिन्ह दाखवलं होतं. आणि निघताना म्हणाले असणारच, मी नव्या पोरांना म्हणतेच, काही अडलं तर विचार हं. तेव्हा त्याला टोचलं असेल का? छे, बावीस वर्षांच्या पोराला काय टोचणार. (टोचत असणार.)

मशीन उठलं. व्हॉल्यूम जागेवर. बारा चाळीस.

शनिवारी घरूनच परीक्षा आहे. बाहेरचा कॅमेरा लावायचा, पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करायचं, खोलीत दुसरं कोणी येता कामा नये. आईंना तीनदा सांगितलंय की त्या तीन तासांत चहा आणायचा नाही, त्या हो म्हणतात, आणि मग विचारतात, "बरं, पण पोहे?" टेबल पण रिकामं लागतं. त्यावर अजून बाबांचं चष्म्याचं घर आहे. बघू.

इंदूरने २०१७ ला देशात स्वच्छतेत पहिला नंबर काढला तो पुढे कितीतरी वर्षं सोडला नाही. गावाला परीक्षेची सवय आहे, मलाच नाही.

सकाळी कचरागाडीचं गाणं लागलं म्हणून बादल्या घेऊन खाली गेले, तिथे फोन वाजला. बारक्या. "सॉरी ताई झोपलो होतो," आणि खाली एक ते सात, ओळीने सगळ्या स्टेप्स, व्यवस्थित, शेवटी अंगठा. म्हटलं निदान परीक्षेत काय काय आलं ते तरी सांग, तर म्हणे ते सांगता येत नाही ताई, तसं मान्य करूनच बसावं लागतं परीक्षेला. घ्या. अडलं तर विचारा म्हणे.

ओला आणि सुका रिकामा करून जिना चढता चढता त्याची यादी पुन्हा वाचली. पासवर्डनंतर थेट एक्झिट लिहिलंय. ऑटोरीलेबल नाहीच. या यादीने गेले असते तर पासवर्ड बदलूनही लॉगिन झालं नसतं आणि मी रात्रभर तिथेच बसले असते.

"थँक्यू, झालं" एवढंच पाठवलं. ते राहिलेलं संध्याकाळपर्यंत सांगेन. बहुतेक.