एके-४७ चोरीची आहे का?

एके-४७ चं डिझाइन चोरलेलं आहे का, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. गोल्फ क्लब मैदानावर भरतीची तयारी करणारी पोरं सकाळी पळून झाली की मला गाठतात. मी एनसीसीत रायफल शिकवायचो, हे त्यांना कुठून तरी कळलंय. प्रश्न ठरलेला : "सर, एके-४७ म्हणजे जर्मन रायफलची कॉपीच ना?" मोबाइलवर एसटीजी-४४ म्हणजे त्या जर्मन रायफलचे आणि एकेचे फोटो शेजारी शेजारी. काडतुसांचं मॅगझिन दोघींचं वाकडं, नळीच्या डोक्यावर गॅसची दुसरी नळी दोघींना. सख्ख्या बहिणीच दिसतात.

पण रायफल उघडून बघायची असते. जर्मन रायफलचा बोल्ट, म्हणजे काडतुसामागे नळी बंद करणारा तुकडा, मागच्या बाजूने खाली कलतो आणि अडकतो. एकेचा बोल्ट फिरून बसतो, दाराची कडी फिरवावी तसा. त्या बाबतीत ती अमेरिकन गॅरंड रायफलच्या जास्त जवळची. जर्मन डिझायनर श्मायसरला रशियनांनी १९४६ मध्ये आपल्या इझेव्स्क शहरात नेलं, हे खरं. पण एकेचा रशियन डिझायनर कलाश्निकोव, त्याची रायफल तेव्हा कोव्रोव या दुसऱ्याच शहरात घडत होती.

मग जर्मनांकडून काही घेतलंच नाही? घेतलं ना, छोट्या काडतुसामागचा विचार घेतला.

हे मला पुस्तकाआधी खांद्याने शिकवलं. पहिल्यांदा जुनी थ्री-नॉट-थ्री रायफल झाडली तेव्हा बट, म्हणजे रायफलचा मागचा भाग, खांद्याला नीट दाबून धरला नव्हता. आठवडाभर शर्ट घालताना डावा हात आधी घालायचो. त्या रायफलच्या जुन्या मार्क थ्री मॉडेलची नेम धरायची साइट २००० यार्डांपर्यंत आखलेली. एवढ्या लांबचा माणूस नुसत्या डोळ्यांनी दिसतो तरी का? लढाई बहुतेक तीन-चारशे मीटरच्या आतच होते. जर्मनांनी हे ओळखून काडतुसाची ५७ मिलिमीटर लांबीची पुंगळी ३३ वर आणली. धक्का कमी, वजन कमी, आणि ऑटोमॅटिकवरही रायफल हाताबाहेर जात नाही. रशियनांनी १९४३ मध्ये स्वतःचं काडतूस काढलं, त्याची पुंगळी पुढे ३९ मिलिमीटरवर ठरली. ती टोकाकडे निमुळती, म्हणून एकावर एक रचली की रांग आपोआप वाकते. मॅगझिन वाकडं ते त्यामुळे, दिसायला छान म्हणून नव्हे.

परवा हे सगळं सांगून झाल्यावर एकाने विचारलं, "मग आपली इन्सास रायफल कुणाची?" बोल्ट एकेसारखा फिरणारा, गॅस कमी-जास्त करणारा रेग्युलेटर बेल्जियमच्या एफएएल रायफलच्या, म्हणजे आपल्या एसएलआरच्या वळणाचा, काडतूस ५.५६ मिलिमीटरचं... एवढं सांगेपर्यंत पोरगा पुलअप्सला पळालासुद्धा.